आठव्या-नवव्या महिन्यात ओटीपोटात दुखतं तेव्हा



गेल्या अंकात या पानावर आपण गरोदरपणातल्या रक्तक्षयाबद्दल बोललो. त्यानंतर रविवारच्या वंदनेला विहारात भेटलेल्या बहिणींनी आम्हाला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला. "सिस्टर, आठवा लागलाय, ओटीपोटात दुखतंय. हे चालायचंच, की दवाखान्यात जायचं?" विचारणारी बहुतेक वेळा एकटी नसते. शेजारी सासू उभी असते आणि तिचं उत्तर तयार असतं, "आमच्या वेळी आम्ही असंच सोसलं."

त्या सासूबाईंचा आम्हाला राग येत नाही. त्यांनी खरंच सोसलं. पण तुमच्या काळात भावकीत किती बाळं दगावली, किती बाळंतिणी गेल्या, असं विचारलं की त्याच बाई बोटांवर मोजून सांगतात.

वॉर्डात काम करताना आम्ही दोन्ही प्रकारच्या बायका पाहिल्या. रात्री दोन वाजता रिक्षा करून आलेली, आणि निघाला नुसता गॅस. ती ओशाळून परत जायची. दुसरी दोन दिवस दुखणं अंगावर काढून आलेली, आणि तोवर बाळाचे ठोके लागत नव्हते. पहिलीला आम्ही सांगायचो, बाई, लाजू नकोस, उद्या पुन्हा दुखलं तर पुन्हा ये. दुसरीला काय सांगायचं ते आम्हाला कधीच सुचलं नाही.

आधी साधी दुखणी पाहू, कारण बहुतेक दुखणी साधीच असतात. गर्भपिशवीला दोन्ही बाजूंनी दोरीसारखे बंध असतात, ते खाली जांघेपर्यंत येतात. पोट वाढलं की हे बंध ताणले जातात. कूस बदलताना, शिंकताना, झटकन उठताना एका बाजूला जांघेत चमक येते आणि काही क्षणांत जाते. यात काळजीचं काही नाही, हळू उठावं. दुसरं दुखणं हाडांच्या जोडाचं. ओटीपोटाच्या अगदी खाली, समोर, जिथे कमरेची दोन हाडं जुळतात तो सांधा या दिवसांत सैल होतो. जिना चढताना, एका पायावर उभं राहून सलवार घालताना तिथे कळ मारते. बसून कपडे घालावेत, झोपताना दोन गुडघ्यांमध्ये उशी घ्यावी, पाण्याची कळशी कमरेवर घेऊ नये. तिसरं बद्धकोष्ठाचं. लोहाच्या गोळ्यांनी शौचाला खडा होतो, काळं होतं, पोटात मुरडा येतो. म्हणून गोळ्या बंद करायच्या नाहीत. पाणी, पालेभाजी, पेरू, भिजवलेले मनुके वाढवायचे, आणि फारच त्रास असेल तर सिस्टरला सांगून औषध घ्यायचं.

मग येतात खोट्या कळा. पोट मधूनच आवळतं, घट्ट होतं, पुन्हा सैल पडतं. दिवसभर उभं राहिलं, पाणी कमी प्यालं की जास्त येतात. गर्भपिशवीची ती तालीम असते. खोटी कळ ओळखायची सोपी रीत अशी: लघवीला जाऊन या, दोन ग्लास पाणी प्या आणि डाव्या कुशीवर तासभर पडून राहा. खोट्या कळा विरतात, त्यांना नियम नसतो. खऱ्या कळा मात्र पडून राहिलं तरी येत राहतात, दोन कळांमधलं अंतर कमी होत जातं, जोर वाढतो आणि दुखणं बहुधा कमरेतून पुढे येतं.

खऱ्या कळा दिवस भरल्यावर आल्या तर ते बाळंतपणच. पण दिवस भरले म्हणजे किती? शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून ३७ आठवडे पूर्ण झाले की बाळ पुऱ्या दिवसांचं धरतात. त्याआधी एका तासात चार किंवा जास्त कळा आल्या, तर "अजून वेळ आहे" म्हणत घरी बसू नका. वेळ आहे म्हणूनच जायचं.

इथे एक जुनी समजूत आडवी येते. सातव्या महिन्यातलं मूल जगतं, आठव्यातलं जगत नाही, असं आपल्याकडे अजून म्हणतात. त्यामुळे आठव्यात कळा सुरू झाल्या की घरातली माणसं आधीच हात टेकतात. हे साफ खोटं आहे. पोटात जितके जास्त दिवस, तितकं बाळ मजबूत. आठव्या महिन्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा जगण्याची शक्यता जास्तच असते.

आणि लवकर पोहोचण्याचा खरा फायदा कुणी सांगत नाही, म्हणून आम्ही सांगतो. ३४ आठवड्यांच्या आत कळा सुरू झाल्या तर आईला डेक्सामेथासोनची इंजेक्शनं देतात. १२-१२ तासांच्या अंतराने चार. ती आईसाठी नसतात, बाळाच्या फुप्फुसांसाठी असतात. कच्च्या बाळाची फुप्फुसं जन्मानंतर नीट उघडत नाहीत, या इंजेक्शनांनी ती लवकर तयार होतात. इंजेक्शन महाग नाही, सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं. दुसऱ्या दवाखान्यात पाठवायच्या आधी पहिला डोस एएनएम सिस्टरनेही द्यावा, अशी केंद्र सरकारची २०१४ ची सूचना आहे. पण चार डोस व्हायला दीड दिवस लागतो. हा दीड दिवस घरात पडून गेला, की डॉक्टरच्या हातात फार काही उरत नाही.

पाणी न पिणाऱ्या बायका

आता आपल्या पट्ट्यातल्या ज्या दुखण्यावर आम्हाला जास्त बोलायचं आहे ते. खराबवाडीच्या एका खोलीत राहणारी एक बहीण चाकणच्या बाजूला एका कंपनीत ठेकेदारामार्फत पॅकिंगला होती. पहिलटकरीण, ३१ आठवडे. लाईनवरून लघवीला जायचं तर सुपरवायझरला विचारावं लागायचं आणि तो घड्याळ बघायचा. म्हणून ती सकाळपासून पाणीच प्यायची नाही. घरी आल्यावर वस्तीतल्या संडासाला अंधारात जायला नको म्हणून रात्रीही नाही. मग उन्हाळी लागली. लघवीला जळजळ, सारखं जावंसं वाटणं, ओटीपोटात जडपणा. तिने धने-जिऱ्याचं पाणी घेतलं, उष्णता झाली म्हणून सब्जा खाल्ला. चौथ्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला आणि रात्री पोट आवळायला लागलं.

यात जादू काही नाही. गरोदरपणात मूत्रपिंडातून खाली येणाऱ्या नळ्या सैल पडतात, वरून गर्भपिशवीचा दाब असतो, त्यामुळे लघवी साचून राहते. साचलेल्या लघवीत जंतू वाढतात. पाणी कमी, लघवी दाबून धरलेली, मग विचारायलाच नको. जंतू वर मूत्रपिंडापर्यंत गेले की ताप, थंडी, उलटी, कुशीत दुखणं. आणि या संसर्गाने गर्भपिशवी चाळवते, अवेळी कळा सुरू होतात. धने-जिऱ्याचं पाणी प्यायला आमची हरकत नाही, पाणी पोटात जातं हे चांगलंच. पण त्याने जंतू मरत नाहीत. त्याला गरोदरपणात चालणारं अँटिबायोटिक लागतं, तेही डॉक्टरने दिलेलं आणि सगळा कोर्स पुरा करून. जळजळ दोन दिवसांत थांबली म्हणून उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवू नका. काही जणींना तर जळजळही होत नाही आणि लघवीत जंतू असतात. म्हणून तपासणीला गेल्यावर लघवीची बाटली मागतात तेव्हा कंटाळा करायचा नाही.

त्या बहिणीचं नशीब म्हणणार नाही, तिच्या शेजारणीची समज म्हणू. त्या आशाताईंनी सांगितलेलं विसरल्या नव्हत्या. त्यांनी रात्रीच गाडी बोलावली. ताप उतरला, इंजेक्शनं झाली, कळा थांबल्या. बाळ पाच आठवड्यांनी आलं.

तिला नंतर आम्ही विचारलं, हलकं काम का मागितलं नाहीस? ती म्हणाली, "मागायचं असतं हेच माहीत नव्हतं." म्हणून लिहितो. मातृत्व लाभ कायदा १९६१ चा. त्यात असं होतं की बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधीच्या साधारण शेवटच्या दहा आठवड्यांत बाईने मागणी केली तर तिला जड काम किंवा तासन् तास उभं राहण्याचं काम देता येत नाही, आणि हलकं काम दिलं म्हणून पगार कापता येत नाही. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद ठेवली आहे. कायदा ठेकेदारामार्फत लागलेल्या बाईलाही आहे. मागच्या १२ महिन्यांत त्या मालकाकडे ८० दिवस काम झालेलं असेल तर रजेचा पगारही आहे, पहिल्या दोन मुलांना २६ आठवडे. पगाराच्या पावतीवर ईएसआय कापलेलं दिसत असेल तर हे पैसे ईएसआयकडून मिळतात, त्यासाठी हप्ते किती दिवस भरलेत ते पाहतात. मागणी तोंडी करू नका. कागदावर लिहा, तारीख घाला, दवाखान्याच्या कार्डाची झेरॉक्स जोडा, एक प्रत आपल्याकडे ठेवा. कारखान्यात पिण्याचं पाणी आणि बायकांसाठी वेगळं शौचालय हे तर १९४८ च्या कारखाना कायद्यापासूनच आहे, ते कुणाचे उपकार नाहीत.

बाळंतपणाआधी आईला विश्रांती मिळावी, हा विचार आपल्याला नवा नाही. १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात कारखान्यातल्या बायकांच्या प्रसूती लाभाचं विधेयक आलं तेव्हा बाबासाहेबांनी त्याच्या बाजूने भाषण केलं होतं, आणि पुढच्या वर्षी तो कायदा झाला. चाकणच्या लाईनवर उभ्या असलेल्या आपल्या पोरींना हे ठाऊक असायला हवं.

पोट दगडासारखं झालं तर

आता सगळ्यात धोक्याचं. बाळाला रक्त पोचवणारी वार गर्भपिशवीला आतून चिकटलेली असते आणि बाळ बाहेर आल्यावरच तिने सुटायचं असतं. कधी ती आधीच सुटू लागते. पोट सतत दुखतं, मध्ये सैल पडतच नाही, हाताला दगडासारखं कडक लागतं. खालून रक्त जातं. पण कधी कधी रक्त आतच साचतं आणि बाहेर थेंबभरच दिसतं. त्यामुळे "रक्त फार नाही" हे समाधान खोटं असू शकतं. बाई फिकी पडते, घाम फुटतो, बाळाची हालचाल मंदावते. इथे तास नाही, मिनिटं मोजायची असतात.

हे का होतं? रक्तदाब वाढलेल्या बायकांत जास्त. तंबाखू, मिशरी यांचाही धोका आहे. आणि पोटाला मार लागल्यावर. नळावर घसरून पडणं, खड्ड्यात दुचाकी आदळणं, आणि घरात मारहाण. शेवटचं लिहिताना आम्हाला जड जातं, पण आपल्याही वस्त्यांत दारूच्या पायी हे होतं आणि दवाखान्यात येऊन बाई सांगते "पायरीवरून पडले." बाई, जे झालं ते सिस्टरला बाजूला घेऊन खरं सांग. पोटाला मार लागला हे कळलं तर तपासणी वेगळी होते, तुला नुसतं घरी पाठवत नाहीत. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनही द्यावं लागतं. पडल्यावर लगेच दुखलं नाही तरी दाखवून यायचं, कारण वार काही तासांनीही सुटू शकते.

वार खाली, गर्भपिशवीच्या तोंडावर असेल तर उलटं होतं: दुखत काहीच नाही, पण लालभडक रक्त जातं. दुखत नाही म्हणून थांबायचं नाही. आणि रक्त जात असताना कुणा दाईला आतून हात घालून तपासू द्यायचं नाही, त्याने रक्ताची धार लागू शकते.

आधीचं सिझर झालेल्या बहिणींनी टाक्यांच्या जागी दुखत राहिलं, कळा सुरू झाल्या, तर घरी वाट पाहूच नये. जुनी शिवण आतून उसवण्याची भीती असते. एका बाजूला सतत वाढत जाणारं दुखणं, उलटी, भूक मेलेली, असं असेल तर अपेंडिक्सही असू शकतं. गरोदरपणात पोट वाढल्याने ते नेहमीच्या जागेपेक्षा वर दुखू शकतं, त्यामुळे डॉक्टरांनाही चकवतं. दुखणं खाली नसून वर, उजव्या बरगडीखाली असेल, डोकं ठणकत असेल, डोळ्यांपुढे काजवे चमकत असतील, तोंडावर-हातावर सूज असेल, तर ते पित्त समजून सोडा-लिंबू पिऊ नका. रक्तदाब वाढून झटके येण्याआधीची ही खूण असते.

घरी काय करू नये तेही सांगतो. दुखऱ्या पोटाला तेल लावून दाबून चोळणं नको, बाळ "सरकवणं" तर अजिबात नको. एरंडेल नको. दृष्ट काढण्यात, अंगारा लावण्यात रात्र घालवू नका. बुद्धांच्या लेकरांना हे सांगावं लागू नये, पण लागतं. मेडिकलवाल्याकडून अंगदुखीची गोळी आणून देणं हे फार चालतं. ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम, डायक्लोफिनॅक या गोळ्या शेवटच्या महिन्यांत बाळाच्या हृदयाजवळच्या रक्तवाहिनीला आणि मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात, गर्भजल कमी करतात. दुखण्यावर साधी पॅरासिटामॉल चालते, तीही विचारून.

तर तासभर पडून बघायचं ते फक्त साध्या, येणाऱ्या-जाणाऱ्या दुखण्याला. रक्त गेलं, पाणी गेलं, पोट कडक राहिलं, ताप आला, बाळ नेहमीपेक्षा कमी हललं, चक्कर आली, किंवा दुखण्याने बोलता येईना, यातलं एकही असेल तर तो तासही थांबायचं नाही. पाणी गेलं की नाही हे कळत नसेल तर स्वच्छ सुती कापड लावा. पुन्हा पुन्हा ओलं होतं आणि लघवीचा वास नाही, तर ते गर्भजल.

जायचं कुठे, हे दुखायच्या आधी ठरवा

आपल्याकडे दुखण्याइतकाच रस्ता जीव घेतो. संध्याकाळी शिफ्ट सुटताना चाकणच्या तळेगाव चौकात कधी अडकलात तर आम्ही काय म्हणतो ते कळेल. नाणेकरवाडी, महाळुंगे, कुरुळीहून पिंपरीला पोचायला मध्यरात्री लागतो त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ संध्याकाळी लागतो. म्हणून पहिलटकरणीने कळा पाच मिनिटांवर येईपर्यंत थांबावं हा नियम चाकणकरणींनी तसाच घेऊ नये, दहा मिनिटांवर आल्या की निघावं.

चाकणला ग्रामीण रुग्णालय आहे. पिंपरीत संत तुकारामनगरला महापालिकेचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, म्हणजे आपलं वायसीएम, आणि औंधला जिल्हा रुग्णालय. तुमचं नाव जिथे नोंदलं आहे तिथल्या सिस्टरला सातव्या महिन्यातच तीन गोष्टी विचारा: रात्री सिझर होतं का, रक्त मिळतं का, कच्च्या बाळाला ठेवायची सोय आहे का. नसेल तर मला कुठे पाठवाल? हे विचारल्याचा कुणाला राग आला तरी विचारा.

गाडीसाठी १०८ तातडीच्या वेळी, आणि गरोदर बाईला न्यायला-आणायला १०२. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे. त्यात सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि घरापासून दवाखान्यापर्यंतची व परतीची गाडी मोफत आहे. बाहेरून औषध आणायची चिठ्ठी हातात दिली तर शांतपणे विचारा की हे या योजनेत का नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांना डॉक्टर तपासतात, तो दिवस चुकवू नका; रक्तदाब आणि लघवी त्याच दिवशी बघून होते.

शेवटचं माहेरचं. आपल्यातल्या कितीतरी जणी लातूर, नांदेड, परभणी, बुलढाण्याकडच्या. सातव्या-आठव्यात रात्रीच्या गाडीने माहेरी जातात. जाण्याआधी एकदा तपासून घ्या. रक्त जात असेल, कळा येत असतील, वार खाली सांगितली असेल तर प्रवास नको. गाडीत बसलात तर दर दोन-तीन तासांनी उतरून लघवीला जा, त्या भीतीने पाणी तोडू नका. माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे रिपोर्ट आणि रक्तगटाचा कागद मोठ्या बॅगेत तळाशी नको, हातातल्या पिशवीत ठेवा, आणि त्या सगळ्यांचा फोटो नवऱ्याच्या मोबाईलमध्ये. माहेरी पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी तिथल्या आशाताईंकडे नाव नोंदवा. रात्री दुखायला लागलं तर गावातून कुणाची गाडी निघेल, ते भावाला आधीच विचारून ठेवा.